सोपान इन्स्पेक्टर आणि तीन फुल्या

कडांच्या सोपानकाकांनी माझ्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला. खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर घेतला. फरक एवढाच, की ते तोंडावर बोलायचे आणि मी मनात ठेवायचे. मनात ठेवायचे म्हणजे पहिले तीन दिवस. चौथ्या दिवशी मीही तोंड उघडलं.

मी पिंपरीतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला मशीनखाली झोपवायचं, जागेवर आणायचं, फोटो काढून खात्री करायची आणि मग किरण द्यायचे, हे माझं काम. बारा वर्षं करतेय. रडणारे पाहिले, भांडणारे पाहिले, मशीनला हात जोडणारे तर रोजचेच. पण मशीनचं सर्टिफिकेट मागणारा माणूस मला एकच भेटला.

"ह्ये शेवटचं कवा तपासलंय?" टेबलाला हातही न लावता त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी तपासतो काका. तुमचा नंबर यायच्या आधी."

"कोन तपासतं?"

"आमचे फिजिसिस्ट आहेत."

"आन् मशीन चालवतं कोन?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "बरं हाय. चालवनारा आन् तपासनारा येक नसावा. पर कागद दाखवा."

मी म्हटलं, "कागद दाखवते, पण आधी झोपा. बाहेर अजून अकरा जण बसलेत." ते झोपले खरे, पण मान वर करून मशीनच्या मागची नेमप्लेट वाचत राहिले. "मान खाली," मी म्हटलं. "वाचू द्या की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी फिजिसिस्टनी खरंच सकाळच्या तपासणीचा कागद आणून दाखवला. काकांनी तो उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

काका मूळचे कुरुळीचे. घरची शेती होती. चाकणच्या बाजूला कंपन्या आल्या तेव्हा गावातली पोरं हेल्पर म्हणून लागली, तसे हेही लागले, पण साहेबाने यांची नजर ओळखली आणि क्वालिटीत इन्स्पेक्टर म्हणून टाकलं. गिअरचे भाग मोजायचे, चांगला असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल पेटीत. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. उंच, वाळलेला माणूस, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता हातांकडे बघायची सवय. माणूस खोटं बोलतो तेव्हा हात हलतात, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हापासून त्यांच्यासमोर हात ॲप्रनच्या खिशात ठेवायला लागले.

आमच्या लिफ्टमध्ये वजनाची मर्यादा लिहिलेली आहे. काका आत शिरले की ती वाचायचे, आतली माणसं मोजायचे, एखादा जाडजूड असला तर त्याला दीड धरायचे आणि हिशेब बसला नाही तर उतरून जिन्याने यायचे. दुखतंय, रक्त जातंय, अंगात त्राण नाही, तरी जिन्याने. त्यांची बायको हिराकाकू मागून पिशव्या सांभाळत यायची. ती एकदा मला म्हणाली, "आमच्या लग्नात ह्यांनी भटजीला इचारलं हुतं, घड्याळ कुनाचं हाय आन् कशाला लावून घेतलंय. मांडवातली मानसं हसून हसून पडली. माझ्या बानं मला इचारलं, आजून टाइम हाय, नगो म्हनू का?"

एवढा संशयी माणूस, पण स्वतःच्या शरीराबाबत किती भोळा! वर्षभर शौचातून रक्त जात होतं आणि हे मूळव्याध म्हणून चाकणच्या बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाची पावडर खात होते. "त्याचं सर्टिफिकेट बघितलंत का?" मी एकदा चिडून विचारलं. मला रागच आला होता. काका चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "त्यो आमच्या आत्याच्या गावचा." मी कपाळाला हात लावला.

मूळव्याध नव्हती, गुदाशयाचा कॅन्सर होता. गाठ अगदी खाली, शौचाच्या जागेजवळ. आमच्या डॉक्टर मॅडमनी दोघांना बसवून सगळं सांगितलं होतं. आधी साडेपाच आठवडे किरण आणि सोबत गोळ्या. मग दोन-अडीच महिने थांबून बघायचं. गाठ चांगली वितळली तर शौचाची जागा वाचण्याची आशा. नाही वितळली तर ऑपरेशनमध्ये ती जागा काढायची आणि पोटाला भोक पाडून जन्मभराची पिशवी. तिसऱ्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या काका छताकडे बघत मला म्हणाले, "कायबी करा, मारायचं तर मारा. पर पिशवी नगो. लग्नाकार्याला जायाचं, लोकांच्या मांडीला मांडी लावून पंगतीत बसायचं, आन् पोटावर ही घान घिऊन? मी घरातनं भाईर पडनार न्हाई." आवाज अजिबात चढला नव्हता. ठरवलेलं सांगत होते.

चौथ्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं. या उपचारात एक नियम असतो: आधी लघवी करून यायचं, मग तीन ग्लास पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून ठेवायचं. मूत्राशय भरलं की आतडी वर ढकलली जातात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. किरण देण्याआधी मशीन पेशंटभोवती एक फेरी मारून आतला फोटो काढतं. तो आम्ही पहिल्या दिवशीच्या फोटोवर ठेवून बघतो, हाडं, गाठेची जागा, मूत्राशय सगळं जुळतंय का. जुळलं तर किरण, थोडं सरकलेलं असेल तर टेबल तेवढंच सरकवायचं. त्या दिवशी फोटोत मूत्राशय चपटं दिसलं.

"काका, पाणी प्यालात?"

"तीन गिलास. टायमिंग लिव्हलंय." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. दहा पाच, दहा नऊ, दहा चौदा.

"मग ते गेलं कुठं?"

"तुमच्या मशिनीत चूक आसंल."

"मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे?" मी म्हटलं आणि त्यांना खाली उतरवलं. परत पाणी, परत पाऊण तास. तोवर बाहेर जाऊन काकूला विचारलं, तर ती पंख्याकडे बघायला लागली. शेवटी म्हणाली, "गुपचुप जाऊन आलं ते. ह्यांना भ्या वाटतं बाई. तिथं तुमा पोरींसमोर टेबलावरच झालं तर?"

असं होतं तर! मी आत गेले आणि सरळ सांगितलं, "काका, बारा वर्षांत या टेबलावर निदान पन्नास जणांना झालंय. आम्ही पुसतो आणि पुढचा नंबर घेतो. तुम्ही काही नवीन करणार नाही." ते कानापर्यंत लाल झाले. काकूवर डोळे वटारले. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी फोटोबद्दल नीट विचारलं. "म्हंजे रोज आधी फोटू, मंग किरन? कालचा बराबर हुता म्हनून आज सोडून दिला, आसं न्हाई?"

"रोज. कालचं काल."

"आमच्याकडं बी शिफ्ट सुरू झाली की पयला पीस मोजल्याबिगर मशीन चालू करत न्हाईत." असं म्हणून ते स्वतःच टेबलावर नीट सरकून झोपले. त्यानंतर पाण्याची चिठ्ठी कधी खोटी निघाली नाही.

आता माझी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फारच शहाणी वाटेन. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस खूप गर्दी होती. मी घाईत काकांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली, तर ते म्हणाले, "ही कालची न्हाई."

"तीच आहे काका. चला, हलू नका."

"कालच्या उशीच्या कोपऱ्याला चीर हुती. हिला न्हाई."

मी वैतागून उशी उलटी करून पाहिली. खरंच, पुढच्या पेशंटची उशी होती, त्यांच्या उशीपेक्षा बोटभर उंच. फोटोत ती चूक सापडलीच असती, पण ते नंतरचं. माझे कान तापले. हा माणूस आता मॅडमकडे जाऊन माझी तक्रार करणार, कागद मागणार, सही मागणार, असं मला वाटलं. काका फक्त म्हणाले, "चूक सापडली की आरडायचं न्हाई. बाजूला ठिवायची आन् पुढं जायाचं." त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे बंद झाले आणि पोरी म्हणायला लागले. संशय मात्र तसाच होता. रोज उशीचा कोपरा बघायचे.

आणि मग तो सोमवार.

आम्ही पेशंटच्या अंगावर शाईने तीन फुल्या काढतो, एक पोटावर आणि दोन दोन्ही कुशींवर. खोलीत भिंतीवरून लेझरच्या बारीक रेषा येतात, त्या या फुल्यांवर बसवल्या की माणूस साधारण जागेवर येतो. घामाने फुल्या पुसट होतात, मग आम्हीच त्या पुन्हा ठळक करतो. घरी कुणी हात लावायचा नाही, असं भिंतीवर मराठीत, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय. चौथा आठवडा संपला तेव्हा उन्हाळा नुकता तापायला लागला होता. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी काकांनी शर्ट वर केला आणि मी बघतच राहिले. तीन फुल्या, काळ्याभोर, केसाएवढ्या बारीक रेषांच्या, चारही कोन काटकोनात. माझ्या हाताने इतकी देखणी फुली जन्मात निघाली नाही.

लेझर लावला. तिन्ही रेषा तिन्ही फुल्यांवर तंतोतंत. मला तिथेच शंका आली. जिवंत माणूस इतका छान कधी जुळत नाही. पण काकांचं तोंड असं काही शांत होतं, की मी बोलले नाही. बाहेर येऊन फोटो काढला. हाडं एका बाजूला सेंटीमीटरभर सरकलेली, आणि थोडी फिरलेलीही. एवढा फरक दिसला की आम्ही टेबल सरकवून पुढे जात नाही. थांबतो. मी फिजिसिस्टना बोलावलं आणि आत गेले.

"काका, फुल्या कुणी काढल्या?"

मी त्यांच्याच पद्धतीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. अंगठा बोटांवर फिरत होता.

"काका?"

"पुसट झाल्या हुत्या. दिसतच नव्हत्या. म्हटलं, पोरीचा येळ वाचंल." मग हळूच, "कंपनीतला मार्किंगचा पेन हुता घरी. पट्टीनं मोजून काढल्या. हिनं काटकोनाचा गुन्या धरला."

"उभं राहून काढल्या की झोपून?"

"आरशासमोर. उभ्यानं."

एवढं म्हणाले आणि थांबले. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले. उभ्या माणसाच्या पोटाची कातडी खाली ओघळलेली असते, आडवा झाला की ती बाजूला पसरते. त्याबरोबर फुल्याही जातात. लोखंड उभं ठेवा, आडवं ठेवा, माप तेच येतं.

"तीस वर्सं लोखंड मोजलं गं," ते डोळे मिटूनच म्हणाले. "पोट न्हाई मोजलं कवा."

मी त्यांना झापलं. चांगलंच झापलं. भिंतीवर लिहिलेलं वाचता येत नाही का, लिफ्टमधलं बरं वाचता येतं, असं सगळं बोलले. मला भीती वाटली होती आणि ती रागाने बाहेर पडत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोटू काढला नसता तर?"

"तर आजचे किरण भलतीकडे गेले असते."

त्या दिवशी मॅडम आल्या, जुन्या फोटोंवरून नव्याने खुणा झाल्या आणि दीड तासाने उपचार झाला. जाताना काकांनी हट्ट धरला, की फाइलमध्ये चूक पेशंटची म्हणून लिहा, पोरीची न्हाई. मॅडम म्हणाल्या, गरज नाही. ते हलेनात. शेवटी मी त्यांच्यासमोर दोन ओळी लिहिल्या, त्यांनी वाचल्या, एका शब्दावर बोट ठेवून काना राहिलाय म्हणाले आणि मग गेले.

किरण संपले. दोन-अडीच महिन्यांनी तपासण्या झाल्या. त्या दिवशी ते रिपोर्टची पिशवी घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मॅडमनी सांगितलं होतं, गाठ जवळजवळ गेली आहे. एक लहानसा डाग उरलाय, तो नुसता व्रण आहे की आत काही शिल्लक आहे, हे फोटोत ठरत नाही. दोन वाटा होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी कडक तपासणी करत थांबायचं. किंवा ऑपरेशन करून ती जागा काढून टाकायची, म्हणजे पिशवी. मॅडमनी दोन्हींचे धोके सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

"तीस वर्सांत मी संशयाचा पीस पुढं सोडला न्हाई," काका म्हणाले. "संशय आला की लाल पेटी. साहेब आरडायचं, सुपरवायझर पाया पडायचं, तरी न्हाई सोडला. आन् आता मीच संशयाचा पीस झालोय बघ."

"काका, मॅडमना परत विचारा. माझं काम नाही हे सांगायचं."

"त्या वाटा सांगत्यात. कुठली धरू त्ये न्हाई सांगत. तू सांग. तुझा बाप आसता तर?"

माझे बाबा संत तुकाराम नगरला घरी पेपर वाचत बसले असतील, त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मला नाही बोलायला हवं होतं. आम्हाला तसं शिकवतात. पण त्यांनी त्या दिवशी हातांकडे नाही, माझ्या डोळ्यांत बघितलं होतं.

"मी म्हटलं असतं, काढून टाका बाबा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

ऑपरेशन झालं. पिशवी लागली. आणि पंधरा दिवसांनी काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला: कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. तो डाग नुसता व्रणच होता. किरणांनी आणि गोळ्यांनी सगळं आधीच साफ केलं होतं. मॅडमना आनंद झाला, सगळे मला येऊन सांगायला लागले, तुझे इन्स्पेक्टर जिंकले. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हणजे पिशवीची गरजच नव्हती! कापून बघितल्याशिवाय हे कुणाला कळलं नसतं, हे मॅडमनी दहा वेळा समजावलं. मला कळत होतं. पण "काढून टाका" म्हणाले होते ते मी.

त्यानंतर काका तपासणीला आले की मी लपायचे. दोनदा तर कंट्रोल रूमचं दार आतून लावून घेतलं. वाटायचं, ते मला शोधत असणार, विचारायला.

लग्नसराई चालू होती तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनला चार महिने झाले होते. मी कॅन्टीनमधून येत होते आणि कॉरिडॉरच्या बाकावर दोघं बसलेले. काका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, वर टोपी. काकू नव्या साडीत. महाळुंग्याला पुतणीचं लग्न होतं, जाता जाता तपासणी उरकली होती. मला वळायला जागा नव्हती.

"लपतीस व्हय गं?" काका म्हणाले.

मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "काका, माझं चुकलं. मी बोलायला नको होतं. तुमची पिशवी माझ्यामुळे आहे."

काकांनी खिशातली पट्टी नीट बसवली. मग म्हणाले, "वेल्डिंगचा जोड आतनं बराबर हाय का, त्ये वरनं कळत न्हाई. मंग लॉटातला येक पीस कापून बघायचा. चांगला निघाला तर कुनी म्हनत न्हाई, का कापला. लॉट पास झाला, म्हनत्यात." पुढे म्हणाले, "कापलेला पीस परत लागत न्हाई, येवढंच वाईट." आणि मग माझ्याकडे वाकून, आवाज एकदम बारीक करून, "येक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"वास येतो का गं?"

काकू मधेच म्हणाली, "कुटं येतोय? रोज तेच. समद्या घरानं सांगितलं, न्हाई येत म्हनून."

"तू गप. समदी खोटं बोलत्यात," काका म्हणाले. "चार म्हैनं कुनाच्या उंबऱ्यात पाय ठिवला न्हाई मी. आज पोरीचं लगीन हाय. तू सांग."

मी त्यांच्याजवळ सरकले. काकू माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. अत्तर भरपूर लावलं होतं. आणि त्याखाली, थोडासा, होता.

"येतोय काका," मी म्हटलं. "थोडा."

काकूने तोंडाला पदर लावला. काकांचा चेहरा मात्र खुलला. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "बघ!" ते काकूवर गरजले. "चार म्हैनं म्हनतोय मी!"

मी त्यांना आमच्या पिशवीच्या नर्सकडे घेऊन गेले. पिशवीची कड एका बाजूने कातडीवरून सुटली होती, रोज थोडी थोडी सुटत असणार. नर्सने ती काढली, जागा पुसली, नवीन बसवली आणि कड कशी दाबायची ते दोघांकडून दोनदा करून घेतलं. वीस मिनिटांनी काका बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि हात थोडे बाजूला केले.

"आता?"

मी जवळ जाऊन वास घेतला. अत्तराचा आणि इस्त्रीचा.

"आता नाही."

मी वाट बघत होते, की ते नर्सला विचारतील, किंवा दाराशी बसलेल्या वॉचमनला. कुणालाच विचारलं नाही. टोपी सरळ केली आणि काकूला म्हणाले, "ऊठ की. पंगत बसंल तिकडं."